मेरूपाशी

कुरुंदवाडच्या गुरव सरांची वाचा परत आली, ही बातमी वृंदाबाईंनी मोबाइलवर वाचली. त्या वेळी सर त्यांच्या समोरच बसून नाचणीची आंबील पीत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते.

बातमीसोबत फोटो होता. कपाळावर राखी रंगाची पट्टी, डाव्या हातात माळ, डोळे मिटलेले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मुके झालेले कवी विद्याधर गुरव यंत्राच्या मदतीने पुन्हा कविता करू लागले असून त्यांचा नवा संग्रह येत्या रविवारी कोल्हापुरात प्रकाशित होणार आहे, असं खाली छापलं होतं. वृंदाबाईंनी फोटो मोठा करून बघितला. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. इतकी शिकलेली माणसं घरात आली, फोटो काढून गेली, पण एकाच्या नजरेला म्हणून ते पडलं नाही, याचा त्यांना आधी राग आला.

"अहो, पेपरात आलायसा," त्या म्हणाल्या.

सरांनी वाटी खाली ठेवली, बायकोकडे बघितलं, ओठ हलवले. "क... क..." एवढंच आलं. मग त्यांनी मान हलवली आणि वाटी पुन्हा तोंडाला लावली.

सव्वा वर्षापूर्वी एका सकाळी सर न्हाणीतून बाहेर आले ते भिंत धरूनच. मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली होती, आणि माणसाच्या बोलण्याचं सगळं बिऱ्हाड त्याच बाजूला असतं. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजत सगळं होतं. चहात साखर कमी पडली की भुवई वर जायची. पण 'साखर' म्हणायला गेलं की तोंडातून नुसता 'क' यायचा. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेल्या आणि सात कवितासंग्रह लिहिलेल्या माणसावर ही वेळ यावी, म्हणून गाव हळहळलं. मग आपल्या कामाला लागलं. गाव तरी किती दिवस हळहळणार?

एक गोष्ट मात्र शिल्लक राहिली होती. दवाखान्यात अकराव्या दिवशी पहाटे नर्स धावत आली आणि म्हणाली, "काकू, पेशंट बोलायलेत!" वृंदाबाई अनवाणी पळत गेल्या. सर बोलत नव्हते, जप करत होते. नवव्या वर्षी आजोबांनी कानात सांगितलेला सरस्वतीचा मंत्र ते कुठंही न अडखळता पुटपुटत होते. आवाज नेहमीसारखाच, शब्द कळू नयेत आणि लय तेवढी कळावी इतका हळू. वृंदाबाईंना तो मंत्र तोवर माहीत नव्हता आणि आजही नाही. गुरूने दिलेला मंत्र बायकोलाही सांगायचा नसतो, आणि सरांनी नियम म्हणून जे एकदा धरलं ते सोडलं, असं कधी झालं नव्हतं.

डॉक्टरांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. रोजचं बोलणं मेंदूत एकीकडे राहतं आणि लाखो वेळा घोटलेलं पाठांतर दुसरीकडे, असं त्यांनी समजावलं. घराचा पुढचा दरवाजा मोडून पडला तरी परसदार उघडं राहतं, तसंच हे.

डॉ. अमृता खोत या परसदाराच्याच मागे लागलेल्या होत्या. मूळच्या शिरोळच्या, आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. सरांचा मुलगा हर्षद पुण्यालाच नोकरीला होता, त्यानं त्यांना गाठलं आणि घरी आणलं. राखी पट्टी त्यांचीच. माणूस जप करतो तेव्हा मेंदूत एक ठाशीव लाट उठते, मंत्राइतकी लांब, पुन्हा पुन्हा तीच. जप करता करता मनात दुसरं काही बोलायचं असेल, तर त्या लाटेवर बारीक तरंग उठतात. पट्टी हे सगळं टिपायची. मग त्यातून मंत्राची ठरलेली लाट वजा करायची, माणूस गप्प असताना मेंदूत जी नेहमीची कुरकुर चालते तीही वजा करायची. उरेल ते मनातलं बोलणं. हे उरलेलं पावसात भिजलेल्या पत्रासारखं असायचं, चार अक्षरं दिसायची आणि सोळा जायची. म्हणून पुढं 'पूर्ती' नावाचा भाग जोडला होता. सरांचे सातही संग्रह त्याला वाचायला दिले होते. गेलेली अक्षरं तो सरांच्या वळणानं भरायचा आणि टॅबवर कविता उमटायची. नुसती उमटायची नाही, जुन्या काव्यवाचनांच्या रेकॉर्डिंगवरून तयार केलेल्या सरांच्याच आवाजात ती ऐकू यायची.

पट्टी फार नाजूक होती. शेजारी कुणी हललं, बांगडी वाजली, तरी तिचा गोंधळ व्हायचा. म्हणून जपाच्या वेळी सरांच्या खोलीत कुणी थांबायचं नाही, असं ठरलं. वृंदाबाई स्वयंपाकघरात बसू लागल्या.

पहिल्या दिवशी बंद दाराआडून नवऱ्याच्या आवाजात कविता ऐकू आली तेव्हा त्या कणीक मळत होत्या. सात महिन्यांनी जपाखेरीज काही बोलणारा तो आवाज ऐकून त्या पिठाच्या हातानं दाराशी उभ्या राहिल्या आणि लाकडाला कान लावून रडल्या.

*

आता पट्टी येण्याआधी कविता कशी व्हायची, ते सांगायला हवं.

जपमाळेत एकशे आठ मणी असतात आणि जिथं माळ जुळते तिथं एक मोठा मणी, तो मेरू. मेरू ओलांडायचा नाही. तिथं पोचलं की माळ उलटी फिरवायची आणि आल्या वाटेनं परत निघायचं. सर पहाटे पाचला बसायचे ते सातपर्यंत, अकरा माळा. जप चालू असताना ओळ सुचली तर ती गिळून टाकायची, हा त्यांचा दंडक होता. गिळूनही जी मेरूपाशी पोचेपर्यंत टिकेल तीच खरी. मेरू आला की ते डोळे उघडायचे, समोर बसलेल्या बायकोकडे बघायचे आणि म्हणायचे, "लिही." मग ओळ सांगायचे, माळ फिरवायचे, डोळे मिटायचे. कधी सकाळभरात एक ओळ, कधी तीन, कित्येकदा आठवडाभर काही नाही.

लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यापासून, म्हणजे पस्तीस वर्षं, वृंदाबाई वही घेऊन समोर बसत आल्या होत्या. सातही संग्रहांची पहिली प्रत त्यांच्या अक्षरातली. सरांनी त्यांच्यावर कधी कविता केली नाही. हाक मारायची तर 'अगं'. अक्षराचं कौतुक एकदाच केलं होतं, तेही पोस्टमनजवळ. पण मेरूपाशीच्या त्या अर्ध्या मिनिटाचं वृंदाबाईंना वेड होतं. चुलीवर दूध उतू जात असो की हर्षद पाळण्यात रडत असो, तेवढा वेळ तो माणूस सगळाच्या सगळा त्यांच्याकडे बघत असायचा. दिवसभरात पुन्हा तसं बघणं नाही. त्या अर्ध्या मिनिटावर त्यांनी संसार केला, असं म्हटलं तरी चालेल.

आजारपणानंतरही त्या वही घेऊन बसत होत्या. माळ आता डाव्या हातात असायची. त्यावरून शेजारच्या एकीनं नाक मुरडलं तेव्हा वृंदाबाईंनी तिला सुनावलं होतं, "देवाला हात बघायला सवड न्हाई, तुम्हाला बरी सापडली." मेरू आला की सर डोळे उघडायचे, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मग एका हातानं माळ उलटी करायची त्यांची खटपट चालायची. वहीच्या पानांवर नुसत्या तारखा पडत गेल्या. आणि मग पट्टी आली, दार बंद झालं.

*

पट्टीच्या आठ महिन्यांत त्रेसष्ट कविता झाल्या. आधीच्या आयुष्यात सरांना तेवढ्यांना सहा वर्षं लागली असती. कविता चांगल्या होत्या. लोक त्या एकमेकांना पाठवत होते, त्याखाली नमस्काराची चित्रं टाकत होते.

*थकल्या नदीने घाटास पुसले*
*किती पायऱ्या उतरू अजून*

ही ओळ ऐकली तेव्हा वृंदाबाईंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. सरांनी उभ्या जन्मात कवितेत 'नदी' म्हटलं नव्हतं. कृष्णा म्हणायचे, पंचगंगा म्हणायचे. "नाव ठाऊक असताना नदी कशाला म्हणायचं?" असं वर्गातल्या पोरांना दरडावायचे. पण माणूस आजारानं बदलतो, असं वृंदाबाईंनी स्वतःला समजावलं. टॅबनं कविता म्हणून दाखवली की सर मान हलवायचे, तेही नवीन नव्हतं. आपली कविता कुणी मोठ्यानं वाचली की ते पहिल्यापासून अशीच मान हलवायचे, छे छे, कसलं काय, अशी. सगळे हसायचे. "बाबांचा विनय!" हर्षद म्हणायचा.

मग एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की त्या स्वयंपाकघरात बसून मणी मोजताहेत. इतक्या वर्षांची सवय, दारापलीकडची पुटपुट ऐकून कितवा मणी चाललाय ते त्यांना कळायचं. चाळिसाव्या मण्याला टॅब बोलू लागला. दुसऱ्या दिवशी सत्तराव्याला. माळेच्या मधेच! ज्या माणसानं मधे आलेली ओळ जन्मभर गिळली, तो आता वाटेतच ओळी सांडत चालला होता, आणि मेरू आला की टॅब गप्प.

बातमी आली त्याच दुपारी त्यांनी हर्षदला फोन लावला.

"हर्षद, त्या कविता बाबांच्या न्हाईत."

"आई, रविवारी कार्यक्रम आहे. दोनशे लोकांना बोलावलंय. आता हे काय?"

"मला कळतंय ते सांगते. मधल्या मण्यांवर त्यांना कधी कविता आली न्हाई."

"अगं, मेंदूला मार बसलाय त्यांच्या. आता मधे येत असेल!" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "आई, त्रेपन्नावी कविता वाचलीस ना तू?"

वाचली होती. 'लेकास' असं तिचं नाव होतं.

*तुझ्या पहिल्या पावलांच्या दिवशी, लेका*
*चालायला मीच शिकत होतो*

"चौतीस वर्षांत बाबांनी माझ्यावर एक ओळ लिहिली नाही," हर्षद म्हणाला. "मी इंजिनिअर झालो तेव्हा 'बरं झालं' म्हणाले, तेवढंच. ही कविता आली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलोय. ती पण त्यांची नाही म्हणतेस?"

पोराच्या हातातलं काढून घ्यायला आपण निघालो आहोत, हे वृंदाबाईंना दिसत होतं. पण उद्या तो संग्रह निघाला, की सर बोलते झाले यावर कायमचा शिक्का बसणार. मग सरांना खरंच काय बोलायचं आहे, ते शोधायला कोण कशाला येईल?

*

डॉ. अमृता बुधवारी आल्या. समारंभात दाखवायचं शेवटचं चित्रण करायचं होतं. वृंदाबाईंनी चहा ठेवला, पण कप हातात द्यायच्या आधी विचारलं.

"मेरूपाशी ते थांबतात, तेव्हा तुमचं यंत्र काय करतं?"

"तेव्हा ते गप्पच असतात ना काकू. एका हातानं माळ उलटवायला त्यांना अर्धं मिनिट लागतं. आम्हाला ते सोयीचंच आहे. माणूस गप्प असतानाची नेहमीची कुरकुर मोजायला एक शून्य लागतं. ते शून्य आम्ही तिथलं घेतो आणि बाकी सगळ्यातून वजा करतो."

वृंदाबाईंनी गॅस बंद केला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "माळ फिरवायला पाच सेकंद लागतात. डाव्या हातानं दहा. बाकीचा वेळ ते बोलत असतात."

"आवाज तर येत नाही..."

"आवाज गेलाय म्हणूनच तू आलीस न्हवं?" मग त्यांनी सगळं सांगितलं. गिळलेली ओळ, मेरू, वही, 'लिही'. अमृता ऐकत होत्या तशा त्यांचा चेहरा उतरत चालला.

"पण जप थांबला की वाट बंद व्हायला हवी," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "आम्ही धरून चाललो होतो की शब्द जपाच्या लाटेवर बसून येतात. लाट नाही तर शब्द नाहीत."

"आधण खाली उतरवलं तरी उकळी घटकाभर राहतेच की. आणि चमचा तेव्हाच घालता येतो."

अमृता ताडकन उठल्या. जपानं वाट तापते, पण जप चालू असतो तोवर ती मंत्रानंच भरलेली असते. मंत्र थांबला की वाट मोकळी असते आणि अजून तापलेली असते. अर्धं मिनिट. शब्दांना यायचं असेल तर तेव्हाच येणार. आणि नेमकं तेच अर्धं मिनिट त्यांनी आठ महिने शून्य म्हणून धरलं होतं. सरांना जे म्हणायचं होतं ते गप्प बसण्याची कुरकुर समजून रोजच्या नोंदीतून वजा केलं होतं. मग मधल्या मण्यांवर उरलं काय? काहीच नाही. त्या काहीच नाहीवर पूर्तीनं त्रेसष्ट कविता रचल्या होत्या.

"ती शून्यं टाकून दिली का?" वृंदाबाईंनी विचारलं.

"नाही. सगळी ठेवलेली असतात."

अमृतांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पूर्ती बंद केली. आता यंत्र एकही अक्षर पदरचं घालणार नव्हतं, सापडलं तर दाखवणार, नाही तर जागा कोरी सोडणार. वेळ लागला. चहा पातेल्यातच निवून गेला. मग पडद्यावर पहिल्या दिवसाच्या पहिल्या मेरूजवळ दोन अक्षरं उमटली.

*लिही*

वृंदाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

दुसरा मेरू. *लिही.* तिसरा कोरा. चौथा. *लिही.*

"दिवाळीचा पाडवा बघ," त्या म्हणाल्या.

*लिही. लिही.*

"संक्रांतीच्या आदल्या दिवशी बघ. माझा हात पोळला होता तव्याला, मी वरडले होते."

अमृतांनी तारीख काढली. *लिही. अगं. कुठं.*

आठ महिने. पहाटेच्या खोलीत एक माणूस दर मेरूपाशी डोळे उघडत होता. समोर वही नव्हती, बायको नव्हती, एक काळी काच होती. त्या काचेला तो सांगत होता लिही, आणि काच त्याच्याच आवाजात भलतंच काहीतरी म्हणत होती. तो मान हलवत होता, आणि घरदार त्याला विनय म्हणत होतं. वृंदाबाई तर त्यावर हसल्याही होत्या. आणि रोज पहाटे भिंतीपलीकडं, चार पावलांवर बसून होत्या.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

अमृता पुढं सरकवत गेल्या आणि थांबल्या. गेल्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या जागा कोऱ्या होत्या.

"इथं काय झालं?"

अमृतांनी तारीख पुन्हा तपासली. "काकू, या दिवसापासून मी माझ्या अहवालात लिहिलंय, की शून्य आता छान स्वच्छ यायला लागलंय."

म्हणजे त्यांनी बोलणं सोडून दिलं होतं.

*

हर्षद शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघून शनिवारी सकाळी पोचला, तो भांडायच्याच तयारीनं. अमृतांनी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण त्याला ते ऐकायचं नव्हतं. चपला काढून तो सरळ बापासमोर जाऊन बसला, टॅबवर त्रेपन्नावी कविता लावली. सरांच्या आवाजात सर मुलाशी बोलले. मग तो आवाज थांबला आणि हर्षदनं खऱ्या सरांना विचारलं, "बाबा, ही तुमची आहे का? विनय नको. खरं सांगा."

सरांनी मुलाकडे बघितलं. मग त्यांनी मान हलवली, सावकाश, डावीकडून उजवीकडं, दोनदा. त्यात छे छे, कसलं काय, असं काही नव्हतं. नाही म्हणजे नाही.

हर्षद उठायला गेला, पण सरांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. "क..." ते म्हणाले. "क... क..." त्यांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, कपाळाला घाम आला, आणि तरी ते थांबेनात. आपल्यासाठी बाप इतका झगडताना हर्षदनं कधी बघितला नव्हता. तो पुन्हा खाली बसला आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडला. वृंदाबाई त्या वेळी मधे गेल्या नाहीत.

दुपारी त्यानंच एकेकाला फोन करून कार्यक्रम रद्द केला. काही लोक चिडले. एका गृहस्थांनी तर विचारलं की कविता चांगल्या आहेत ना, मग त्या कुणाच्या आहेत याच्याशी वाचणाऱ्याला काय करायचंय? हर्षद त्यांना म्हणाला, "मला करायचंय." अमृतांनी संस्थेला सविस्तर लिहून कळवलं. आठवड्यानं सर मुके असल्याची बातमीही छापून आली, आतल्या पानावर, चार ओळींत.

*

सोमवारपासून वृंदाबाई पुन्हा पहाटे समोर बसू लागल्या. पट्टी होती, पण तिचं काम आता उलटं झालं होतं. माळ चालू असताना ती झोपायची आणि मेरूपाशी जागी व्हायची. जपातून काही वजा करायचं उरलं नव्हतं, म्हणून शेजारच्या हालचालीनं आता तिचा गोंधळ व्हायचा नाही. आवाज काढून टाकला होता. पूर्तीही काढली होती. जाताना अमृता अडखळत म्हणाल्या होत्या, "काकू, वजाबाकीसाठी यंत्राला सरांचा मंत्र शिकावा लागलाय. त्यामुळं तो आमच्याकडं आहे. तुम्हाला हवा असेल तर..."

"त्यांनी सांगितला न्हाई तो मी तुझ्या यंत्राकडनं ऐकू व्हय?" वृंदाबाई म्हणाल्या. "पुसून टाका काम झाल्यावर."

पहिल्या दिवशी मेरू आला. सरांनी डोळे उघडले. समोर बायको बसलेली दिसली, तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले, पण टॅब कोराच राहिला. दुसऱ्या दिवशी कोरा. तिसऱ्या दिवशीही. अमृता पुण्याहून रोज विचारायच्या आणि वृंदाबाई रोज न्हाई म्हणायच्या. वाट वापरली नाही तर बुजते, असं अमृतांनी एकदा दबकत सांगितलं होतं. तीन आठवडे बोलणं सोडलेल्या माणसाला ती पुन्हा सापडेलच असं काही नव्हतं. वृंदाबाईंना आता कविता नको होती. एक शब्द हवा होता. तोही मोठा नको, 'लिही' एवढाच पुरला असता. तो इतके महिने मिळत होता आणि आपण घ्यायला हजर नव्हतो, हे त्यांना जेवताना आठवायचं, धुणं वाळत घालताना आठवायचं, आणि हातातलं काम थांबायचं.

नवव्या दिवशी दहाव्या माळेचा मेरू आला. सरांनी डोळे उघडले. ओठ हलले. टॅबवर दोन अक्षरं आली.

*अगं*

वृंदाबाईंनी वही पुढं ओढली. घाईनं तारीख टाकली. "सांगा," त्या म्हणाल्या. "लिहितेय मी."

सरांची नजर ढळली नाही. पुन्हा ओठ हलले.

*तू*

त्यांनी 'तू' लिहिलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ओळ 'तू'नं सुरू होत होती. पुढच्या शब्दाला जागा सोडून त्या थांबल्या.

*बोल*

'तू बोल' लिहून झालं. त्या थांबल्या. अर्धं मिनिट सरत आलं होतं. "पुढं?" त्यांनी विचारलं. पुढं काही आलं नाही. सरांनी डावा हात लांब केला, वृंदाबाईंच्या बोटांतलं पेन काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. मग ते नुसते बघत राहिले, ओळ सांगून झाल्यावर बघत असत तसे नाही. वाट बघणारा माणूस बघतो तसे.

तेव्हा कुठं वृंदाबाईंना कळलं की ती कविता नव्हती.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी काय बोलू?"

आजवर त्या समोरच्याचं लिहून घेत आल्या होत्या. आपलं काही सांगायचं असेल तर आधी कुठल्या शब्दानं सुरुवात करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेर उजाडलं होतं, दूधवाल्यानं पिशवी कडीला अडकवली, त्याचा आवाज झाला. सर बघत होते.

"मला तुमची लई आठवण येतीया," वृंदाबाई म्हणाल्या. "समोर बसलायसा, रोज न्हाऊ घालतीया, भरवतीया, तरी येतीया. त्या दाराला कान लावून उभी ऱ्हायची मी, तुमचा आवाज ऐकाय. आत यायचं सुचलं न्हाई मला. दार नुसतं लोटलेलं होतं हो, कडी पण नव्हती, आणि मला आत यायचं सुचलं न्हाई..."

एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. सरांनी माळ काढून मांडीवर ठेवली आणि ते ऐकत राहिले. त्या दिवशी अकरावी माळ झाली नाही.